ऑस्वाल्डला बोललेला नवस

५ एप्रिल २०२५, शनिवार. ऑस्वेस्ट्री

आठवडाभरासाठी आलेय, असं आत्याला सांगितलंय. सामान मात्र सगळंच घेऊन आलेय. कॅनॉलवरच्या ज्या बोटीत मी हिवाळा काढला ती मालकाने एका जोडप्याला दिली. आत्याने माझ्या फुगलेल्या बॅगेकडे बघितलं आणि म्हणाली, "वरदच्या खोलीत झोप. गादी अजून आहे."

सुप्रभाआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, वरददादा तिचा मुलगा. शशीकाका हाडांचे डॉक्टर होते, ते जाऊन तीन वर्षं झाली. आता घर विकलंय. चोवीस तारखेला किल्ल्या द्यायच्या आणि आत्या एडिनबराला लेकीकडे, अक्षयाताईकडे जाणार. मी बांधाबांधीला.

दिवसभरात एक खोकं भरलं. दुसरं भरताना काकांचा जुना नकाशा सापडला, त्यात गावाबाहेर डोंगरावर एक मातीचा किल्ला दिसला, म्हणून बघून येते म्हटलं. वर मेंढ्या आणि वारा. एका बाजूला वेल्स, दुसऱ्या बाजूला इंग्लंड, आणि आपण कुठल्या बाजूला उभे आहोत ते कळायला मार्ग नाही. मला बरं वाटलं. परत आले तर आत्याने एकटीने चार खोकी भरली होती.

आईचा मेसेज: पोचलीस का, जेवलीस का. अंगठा पाठवला.

७ एप्रिल, सोमवार

स्वयंपाकघर रिकामं झालं. फळीवर एकच वस्तू राहिलीय, आत्याचं चांदीचं ताट. लग्नात तिच्या आजीने दिलेलं. मी त्याला वर्तमानपत्र गुंडाळायला लागले.

"ते ठेव. ते राजाचं आहे."

"कोण राजा?"

"चल दाखवते. मफलर घे."

पाच मिनिटं चाललो. घरांची रांग, शाळेचं मैदान, आणि मध्येच खोलगट जागी एक दगडी कमान. आत अंधार, ओल, थोडं पाणी. मला वाटलं काहीतरी मोठं असेल. आत्याने पर्समधून पुडी काढली, चिमूटभर हळद-कुंकू कमानीच्या दगडावर ठेवलं, इकडेतिकडे बघत हात जोडले. एक माणूस कुत्रा घेऊन चालला होता, "मॉर्निंग, सू" म्हणाला. म्हणजे हे रोजचंच.

मग पायरीवर बसून तिने सांगितलं. ऑस्वाल्ड नावाचा राजा होता, तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी, उत्तरेकडचा. बाप लढाईत मेला, पोर परमुलखात वाढलं, तिथली भाषा शिकलं, तिथला देव घेतला. मोठा झाल्यावर राज्य परत मिळवलं. धर्म सांगायला परमुलखातून साधू बोलावला तर त्याला इथली भाषा येईना, तर राजा स्वतः शेजारी उभा राहून त्याचं बोलणं आपल्या सरदारांना समजावून सांगायचा. शेवटी इथे लढाईत पडला. पेंडा नावाच्या राजाने त्याचे तुकडे करून टांगले. एक हात गरुडाने उचलला, तो इथे पडला आणि पाणी लागलं, ती ही विहीर.

"तो पडला तिथली माती लोक न्यायचे. आजाऱ्याला पाण्यातून द्यायचे. नेऊन नेऊन माणूसभर खड्डा झाला."

"म्हणजे अंगारा."

"मग काय वेगळं सांगतेय मी?"

मला आमच्या सांगलीच्या शाळेमागचा वीरगळ आठवला. शेंदूर लावलेला दगड, त्यावर घोडा आणि तलवार. कोण पडलं, कधी पडलं, कुणाला माहीत नव्हतं, पण परीक्षेला जाताना आम्ही सगळ्या त्याला हात लावून जायचो. सातवीनंतर मी ब्रिस्टलला आले आणि मग कशालाच हात लावून गेले नाही. निकालही तसेच लागले.

ताटाचं म्हणजे असं. ईस्टरला राजा जेवायला बसला, समोर चांदीचं ताट. इतक्यात कोणी येऊन सांगितलं, बाहेर रस्त्यावर भुकेली माणसं बसलीत. राजाने जेवण तसंच बाहेर पाठवलं आणि ताटाचे तुकडे करून त्यांना वाटायला सांगितले.

"वरदने डॉक्टरकी अर्धवट सोडली, त्या दिवशी काका त्याला म्हणाले, या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस. तो निघाला. मी इथे आले." आत्या पाण्याकडे बघत होती. "शेजारच्या प्रिचर्डबाईंनी इथली रीत सांगितली होती. ओंजळीतलं थोडं प्यायचं, मागायचं ते मागायचं आणि उरलेलं त्या मागच्या दगडावर फेकायचं. सगळं दगडावर पडलं तर मिळतं."

"पडलं?"

"माझा नेम कधी चांगला होता?"

नवस असा: वरद या घरात माझ्या हातचं जेवला, की माझं ताट तुझ्यासारखं तोडून वाटीन.

"आत्या, या घरात असंच म्हणालीस?"

"तेव्हा दुसरं घर कुठे होतं?"

काकांच्या वेळी वरददादा क्रेमॅटोरियमला आला होता. सर्वात मागे उभा राहिला आणि तिथूनच परत गेला. घरी आला नाही. आणि आता घरच जाणार.

९ एप्रिल, बुधवार

अक्षयाताईचा फोन. "शालू, आई ते ताट कापायचं म्हणतेय का पुन्हा? प्लीज तिला कापू देऊ नकोस. पणजीचं आहे ते. मला ते डायनिंग रूममध्ये लावायचंय."

"नवस पूर्ण झाल्याशिवाय ती कापणार नाही."

"मग प्रश्नच मिटला. तो काही येत नाही."

 मग तिने विचारलं, "सोफा फ्री लिस्टिंगला टाकलास ना, फुकट न्यायला?" टाकला. सोफा आणि वरददादाचं अभ्यासाचं टेबल. वीस तारखेच्या रविवारी न्यायला येतील लोक.

ईस्टर पण त्याच रविवारी.

११ एप्रिल, शुक्रवार

मी ठरवलंय. वरददादाला एका जेवणापुरतं या घरात आणायचं. आयुष्यात काहीच धड पूर्ण केलं नाही मी. ना कॉलेज, ना बेकरीतली नोकरी, ना तो वेल्सचा समुद्रकिनारा चालत जायचा बेत. हे करायचं.

त्याला लांबलचक मेसेज लिहिला. उत्तर: अंगठा.

आत्याचा फोन बघितला (तिनेच दिला, फोटो शोधायला). वरददादाचं पान वर सरकवत गेले. 'थंडी आहे, जॅकेट घाल.' अंगठा. 'आज तुझ्या आवडीची आमटी केली.' अंगठा. 'वाढदिवसाचे खूप आशीर्वाद.' अंगठा, आणि एक केक. आणखी वर, आणखी वर, वर्षानुवर्षं तेच. माणूस इतका निगरगट्ट कसा होतो? दोन शब्द लिहायला बोटं झिजतात?

आईचा फोन वाजत होता. हाताला टेप चिकटली होती. नंतर करते.

१५ एप्रिल, मंगळवार. ब्रिस्टलहून परतताना, ट्रेनमध्ये

आत्याला सांगितलं मैत्रिणीकडे जातेय. गोबोवेनहून श्रूजबरी, मग न्यूपोर्ट, मग ब्रिस्टल.

वरददादाचं सायकल दुरुस्तीचं दुकान ईस्टनमध्ये आहे, वर तो राहतो. मला बघून त्याने चाक खाली ठेवलं. दाढीत पांढरे केस आलेत. तो इथेच जन्मलेला, त्याचं मराठी तसंच, अजून.

"शालू? तू इथे कसा आली? आईला काय झाला?"

"काही नाही झालं. मीच आले."

"नीनामामीला भेटली? फिशपाँड्स तर इथून दहा मिनिट आहे. बस समोरूनच जातो."

"आज आईकडे जायला वेळ नाही रे. लगेच परतायचंय."

तो हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही.

चहा केला त्याने. वेलची घालून, आत्यासारखाच. मी नवस सांगितला, विहीर, ताट, चोवीस तारीख, सगळं. तो कपड्याने बोटांचं ग्रीस पुसत ऐकत होता.

"डॅडने सांगितला, पाय ठेवू नको. त्याने ते परत घेतला नाही. आता कोण घेणार?"

"आत्या घेईल की. ती तर म्हणतेच आहे ये म्हणून."

"शालू, त्या दिवशी आई किचनमध्ये होती. दार उघडा होता. शी डिडन्ट से अ वर्ड." तो आता एकच बोट पुन्हा पुन्हा पुसत होता. "मी बॅग घेऊन गेटबाहेर उभा होतो. ती बाहेर आली. मला वाटला, माझ्या मागे येते. स्कार्फ पण नव्हता, अशी आली. मी थांबलो. आणि ती दुसऱ्या बाजूला वळली. मला बघितला पण नाही."

 मला माहीत होतं दुसऱ्या बाजूला काय आहे.

"तिने राजाला विचारला," तो म्हणाला. "फाइन. पण मी तिथेच होतो ना."

मग कोणीतरी सायकल घेऊन आलं. निघताना मी म्हटलं, रविवारी दुपारी, एक घास, मग जा. तो म्हणाला, "बघतो."

बघतो म्हणजे येणार. नसतं यायचं तर नाही म्हणाला असता. ट्रेन हियरफर्डजवळ थांबलीय, बाहेर सफरचंदाच्या बागा फुललेल्या नाहीत अजून. आत्याला गेटचं सांगावं की नाही? नको. तो आला की आपोआप मिटेल.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

वरददादा बघतो म्हणाला, एवढंच आत्याला सांगितलं. कुठे भेटला, कसा भेटला, तिने काही विचारलं नाही. तिने हरभऱ्याची डाळ कोणत्या खोक्यात गेली ते शोधायला घेतलं. सहा खोकी पुन्हा उघडली. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, वरददादाला आवडणारी बटाट्याची सुकी भाजी.

राजाला नैवेद्य काय, यावरून प्रिचर्डबाईंशी चर्चा झाली. त्या म्हणाल्या, ईस्टरला कोकराचं मटण. आत्या म्हणाली, "तिला सांग, राजाने माझ्याकडे जे आहे ते खावं. मी त्याच्याकडे काय आहे ते कधी विचारलं?" मी अर्धंच भाषांतर केलं. त्या कोकराच्या आकाराचा केक घेऊन येणार आहेत, दोन्ही बाजू राखल्या.

ग्लास गुंडाळायचे सोडून मी फोनवर ऑस्वाल्डबद्दल वाचत बसले. बिचारा मेल्यावरही एका जागी नाही. डोकं एकीकडे, हात दुसरीकडे, धड तिसरीकडे. त्याची हाडं गाड्यातून बार्डनी नावाच्या मठात नेली तर मठवाल्यांनी दारच उघडलं नाही. आमच्यावर राज्य केलेला परका राजा, म्हणाले. गाडा रात्रभर बाहेर. मग गाड्यावर आभाळापर्यंत उजेडाचा खांब दिसला, तेव्हा पळत येऊन दार उघडलं, आणि पुन्हा कधी लावलं नाही. अजून त्या भागात कोणी दार उघडं टाकलं की म्हणतात, तू बार्डनीचा का रे?

आत्याला वाचून दाखवलं. ती डाळ निवडत होती.

"उजेड दिसल्यावर उघडलं."

"हो."

"दिसेपर्यंत नाही ना?"

मग म्हणाली, ग्लास गुंडाळ आता.

२० एप्रिल, ईस्टर

सकाळी सातला पुरण शिजत होतं. घरात आता फक्त सोफा, टेबल, गादी, गॅस आणि आम्ही. आत्याने चिंचेने घासून ताट आरशासारखं केलं. जमिनीवर चादर, तिच्यावर ताट मांडलं, बाजूला पाण्याचा तांब्या. एक वाजला. आत्या दाराशी गेली आणि दार सताड उघडून, खाली खोकं लावून आली. थंडी आत यायला लागली. 

दीडला वरददादाला फोन केला, उचलला नाही. दोनला मेसेज आला, मला: 'सॉरी. स्टेशनपर्यंत गेला होतो.'

मला इतका राग आला की मी ते मोठ्याने वाचलं. आणि मग थांबायला हवं होतं, पण माझं असं होतं, एकदा घसरले की घसरतेच. सगळं सांगून टाकलं. मी ब्रिस्टलला गेले होते, तो गेटबाहेर उभा होता, तू बाहेर आलीस, त्याला वाटलं त्याच्या मागे येतेस, तू विहिरीकडे वळलीस. तो तिथेच होता, आत्या.

आत्या पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

"उभा होता?"

"हो."

"मला वाटलं गेला." पुन्हा म्हणाली, "मला वाटलं, तो केव्हाच गेला."

तव्यावरची पोळी करपली. मी गॅस बंद केला.

तेवढ्यात दारात कोणी "हॅलो?" म्हणालं. सोफा न्यायला आलेलं जोडपं, मुलगी पोटुशी. त्यांच्यामागे टेबलासाठी आलेला एक रुमानियन माणूस, आणि केक घेऊन प्रिचर्डबाई. दार उघडं, म्हणून सगळे तसेच उंबऱ्याशी दाटीने उभे. घरभर तुपाचा वास. ती मुलगी नवऱ्याला हळूच म्हणाली, मला भूक लागलीय.

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग हात धुतले आणि मला म्हणाली, "प्रिचर्डबाईंच्या नवऱ्याची हत्यारं अजून त्यांच्या शेडमध्ये आहेत. पत्रा कापायची कात्री असेल. आण."

"आत्या, नवस फिटला नाही. तो जेवलाच नाही."

"त्या राजाने कुठे नवस बोलला होता? माणसं दारात होती, त्याने दिलं." मग म्हणाली, "आणि त्याने त्यांना आत नाही बोलावलं गं. ताट बाहेर पाठवलं. मी इतकी वर्षं उलटंच ऐकत होते."

सगळ्यांना सोफ्यावर, जमिनीवर बसवून वाढलं. रुमानियन माणसाने सात पोळ्या खाल्ल्या आणि प्रत्येकीनंतर आता पुरे म्हणाला. मी आणि आत्या स्वयंपाकघरात ताटाशी. मधला पत्रा कात्रीने सहज निघाला, पण काठ जाड, कापेना. तो आम्ही दोघींनी दोन्हीकडून धरून मागेपुढे वाकवला, वाकवला, शेवटी कट्कन तुटला. आत्याचं बोट कापलं. तिने तोंडात घातलं आणि दुसरा तुकडा घेतला.

अक्षयाताईला तिथूनच फोन लावला. "आई, मला अख्खं हवं होतं," ती म्हणाली. रडत होती बहुतेक. आत्या म्हणाली, "माहितीय गं. तुला काठाचा देते, वेलबुट्टी आहे त्यावर."

त्या लोकांना तुकडे हातात घेऊन काय बोलावं कळेना. पोटुशी मुलगी म्हणाली, आम्ही फक्त सोफ्यासाठी आलो होतो. मी त्यांना राजाची गोष्ट सांगितली, इंग्लिशमध्ये, आत्या मराठीत मध्येमध्ये सुधारत होती. त्या गावच्या लोकांना त्यांच्याच राजाची.

सगळे गेल्यावर आत्याने दोन डबे भरले. एक मोठा, एक लहान. मोठ्यावर एक तुकडा रुमालात बांधून ठेवला.

"उद्या ट्रेन असतात ना?"

"सुट्टीच्या वेळापत्रकाने. श्रूजबरीपर्यंत बस असेल."

"चालेल मला बस."

लहान डबा कुणाचा ते विचारलं नाही. तिने तो माझ्या बॅगेशेजारी ठेवलाय.

२१ एप्रिल, सोमवार. ब्रिस्टल, ईस्टन

आत्याने प्रवासभर खिडकीशी बसून डबा मांडीवर धरला होता, दोन्ही हातांनी. न्यूपोर्टला म्हणाली, "घरी नसला तर?" मी म्हटलं, बसू दाराशी. ती म्हणाली, "हो, ते जमेल."

दुकान बंद होतं. बाजूच्या दाराची बेल मी वाजवली आणि मागे सरले. जिन्यावरून उतरल्याचा आवाज आला. वरददादाने दार उघडलं, हातात टोस्ट होता.

आत्या पायपुसण्यावर उभी. किती बारीक दिसते ती बाहेर उभी असली की, मला आजच कळलं.

"वरद, आत येऊ का?"

त्याने तिच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, रस्त्यावर तिच्या मागेपुढे बघितलं, जणू ती कुठून आली ते शोधतोय. ती बोटाला बँडेज बांधलेल्या हाताने कोटाची बटणं चाचपत होती.  मला वाटलं आता दार लावतो.

"शूज नको काढू," तो म्हणाला. "फ्लोर थंड आहे."

तिने काढलेच. खाली वाकताना तोल गेला तेव्हा त्याने टोस्टसकट तिचा दंड धरला, आणि मग सोडला नाही. दोघं तसेच वर गेले. वर चढताना ती म्हणत होती, आमटी गरम करायला लागेल, पोळ्यांना तूप आहे तुझ्याकडे? तो म्हणाला, बटर आहे. दार ओढून घ्यायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. मी हळूच ओढून घेतलं.

समोरच्या बसथांब्यावर बसून हे लिहितेय. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी इथून दिसते, काच वाफेने पांढरी झालीय. आत कोण बोलतंय, कोण गप्प आहे, काही कळत नाही. लहान डबा माझ्याकडे आहे. आईला पुरणपोळी आवडते. बाबांनाही. गार झाली असणार, पण ती गारही छान लागते.

फिशपाँड्सची बस आली होती. बघता बघता गेली, माझं वाक्य पूर्ण व्हायचं होतं. बोर्डावर म्हणतंय पुढची येतेय. वळणावर दिसतेय बहुतेक, किंवा ट्रक असेल.

नाही, बसच आहे. उठते.